लाँचीच्या पानावरील चित्रे उतरवून अक्षरे बसविली त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, वाग्देवीस वंदन, आणि ज्या अदृश्य वाटांनी गावोगावचे निरोप जातात त्या वाटांसही वंदन करोन मजकूर मांडिला जातो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपदमास. खाडीकाठी एक राज्य होते. नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यी ऋजुताबाई नामे वेबपाने बांधणारी कारागीर राहत असे. बाई पूर्वी शहरी नोकरीस असता तेथील मुख्य सातोसकर यांनी ताकीद केली होती की, "चित्राखाली रंग अंथरल्याशिवाय त्यावर पांढरी अक्षरं ठेवायची नाहीत. चित्र पोचलं नाही तर अक्षर पोचूनही दिसत नाही." सातोसकरांचा रिवाज ऐसा की, कोणाचेही पान पुढे आले की प्रथम चित्रे बंद करोन पाहावे, मग चालू करोन पाहावे, आणि मगच बरे-वाईट बोलावे. बाई हसोन बोलल्या, "सर, आता कोणाकडे चित्र पोचत नाही? तुमच्या वेळी असेल." सातोसकर म्हणाले, "हं, आमच्या वेळी आम्हीपण असंच म्हणायचो." आणि मग चहा आला व गोष्ट तेथेच राहिली.

पुढे बाईंस पुत्र जाहला, नोकरी सुटली, आणि बाई सासरी खाडीकाठी येऊन राहिल्या. चिरंजीव बाळराजे रांगू लागले होते, आणि त्यांचा अंमल सर्व घरावर चालत होता. हाती लागेल ते मुखी घालावे, तार दिसल्यास ओढावी, आई संगणकासमोर बसली की हंबरडा फोडावा, ऐसा त्यांचा शिरस्ता. बाई काम करिता करिता एक डोळा बाळराजांवर ठेवीत, आणि दुसरा पैलतीरावर ठेवीत. कारण पैलतीरी बाईंची धाकटी नणंद हेमांगी नांदत होती. तीस नववा महिना लागला होता. यजमान जहाजावर, घरी सासूबाई एकट्या. पहिले बाळंतपण, माहेरी यावयाचे ते सातव्यातच. परंतु हेमांगी शाळेत शिक्षिका, बदली कोणी मिळेना म्हणोन ती वर्ग सोडीना. मग घाटरस्त्यावर दरड कोसळोन वाट बंद जाहली आणि लाँचीवाचून दुसरा मार्ग राहिला नाही. लाँच तरी वाऱ्याच्या मर्जीची. वारा पडला तर सुटावी, चढला तर राहावी, आणि निर्णय रोज सकाळी धक्क्यावर व्हावा. ऋजुताबाईंच्या सासूबाई, म्हणजे हेमांगीच्या मातोश्री माई, यांनी डिंक, अळीव, बाळंतशेपा आणोन ठेविल्या, खोली सारवून घ्यावी तैशी पुसोन घेतली, आणि लेकीची वाट पाहत बसल्या.

लाँचीचा निर्णय रयतेस कळावा म्हणोन राज्याची वेबसाइट होती, तीस लोक लाँचीचे पान म्हणत. ते पान कोणा शहरी चित्रकाराने रंगविले होते. संपूर्ण पान म्हणजे एक थोर चित्र: मावळता सूर्य, सोनेरी पाणी, मध्ये लाँच, कडेस नक्षी, आणि वेळापत्रक, सूचना, फोन नंबर सर्व त्याच चित्रात रंगविलेले. मग त्या चित्राचे कात्रीने कापल्यासारखे तुकडे करोन ते तक्त्याच्या चौकोनांत शेजारी शेजारी बसविले होते. फेरी रद्द जाहली तर चित्रकारास कळवावे, त्याने तुकडा नवा रंगवावा, आणि तो येईतो कालचीच सूचना आज मिरवावी. पैलतीरी रेंज इतकी क्षीण की सूर्याचा वरचा काठ उतरेपर्यंत लाँच निघोन जाई. हेमांगी बोलली, "वहिनी, अर्धा सूर्य आला की मी भाजी चिरायला घेते. सगळा येईपर्यंत आमटीपण होते."

हे ऐकोन ऋजुताबाईंनी मोहीम मनी धरिली. राज्याचे लाँच-प्रमुख भाऊसाहेब, त्यांजकडे बाळराजांस कडेवर घेऊन गेल्या आणि अर्ज केला की, पान नव्याने बांधू द्यावे. अक्षरे अक्षरांच्या जागी, मांडणी सीएसएस नामे सजावटीच्या लेखी नियमांनी, रंग आणि रेघा आज्ञेने उमटतील, चित्रे लागणारच नाहीत. भाऊसाहेबांची मुद्रा उतरली. बोलिले, "सगळं काढणार? सूर्यसुद्धा?"

"सूर्याचंच वजन जास्त आहे, भाऊसाहेब."

"अहो, तो फोटो माझ्या मेव्हण्याने काढलाय. घरात तोंड दाखवायचंय मला. सूर्य राहू दे बाई, बाकी काय ते करा."

मग तह जाहला. सूर्य मागे पडद्यासारखा राहावा आणि त्यावर अक्षरे वेगळी ठेवावी. दुपारी बाळराजे निजले की बाईंनी बसावे आणि ते उठले की उठावे, ऐसे करिता एकेक चौकोन मोडिला. कडेची नक्षी चित्रात होती, ती दोन रेघांत आणिली. गोल कोपरे कापून बसविले होते, ते एका आज्ञेने गोल केले. तीन रकाने होते, ते मोबाइलवर आपोआप एकाखाली एक उभे राहिले, आणि बाईंस बहुत समाधान वाटले. सूर्याची पाठ सोनेरी आणि तांबडी, म्हणोन अक्षरे पांढरी दिली, ती उत्तम खुलली. चित्रे बंद करोन पाहण्याचे राहिले, कारण त्याच वेळी बाळराजांनी माऊसची तार मुखी घातली होती.

दुसरे दिवशी वारा पडला. बाईंनी आपले हाती "सकाळची फेरी सुटणार" हे लिहिले आणि क्षणात पान राज्यभर गेले. भाऊसाहेबांचा फोन आला, "वा! बोट लावलं की उघडतंय. मेव्हणापण खूश." माई छत्री घेऊन धक्क्यावर गेल्या. लाँच पैलतीरी गेली आणि परत आली. केळीचे घड उतरले, एक शेळी उतरली, तिचा मालक उतरला, आणि हेमांगी उतरली नाही. माईंनी लाँच हाकणाऱ्या तांडेलास पुसिले. तो म्हणाला, "आमी हॉर्न मारला दोनदा, माई. कोण आलंच नाय." माईंनी घरी येऊन छत्री मिटोन कोपऱ्यात ठेविली.

मग दुपारी बाईंचे मोबाइलवर सकाळचा अडकलेला निरोप उतरला. हेमांगीने लिहिले होते, "वहिनी, नवीन पान लगेच उघडलं. कोरं आहे. आज फेरी नाही ना? बॅग परत आत ठेवते." त्या राज्याची पूर्वापार वहिवाट ऐसी की, धक्क्यावरील फळा पुसून कोरा ठेविला तर त्या दिवशी लाँच नाही. तीच समज पैलतीरी सर्वांची. बाईंनी आपले मोबाइलवर चित्रे बंद केली आणि पान उघडिले. पान शुभ्र. बोट दाबोन धरिले तो निळ्या पट्टीत अक्षरे उमटली: सकाळची फेरी सुटणार. बोट उचलिले आणि ती पांढऱ्यावर पांढरी विरोन गेली. सूर्य पैलतीरी पोचलाच नव्हता, आणि त्याखाली काही अंथरले नव्हते. बाईंनी बाळराजांस मांडीवर घेऊन एक ओळ लिहिली, सूर्यामागे गडद निळा रंग दिला, आणि अक्षरे चित्राविनाही वाचिता येऊ लागली. माई दारात उभ्या होत्या. पुसिले, "झालं का गं नीट?" बाई म्हणाल्या, "पान नीट झालं." परंतु वारा तोवर चढला होता. संध्याकाळच्या फेरीपुढे बाईंनीच "रद्द" लिहिले, आणि ते अक्षर सर्वत्र स्वच्छ दिसले.

त्यानंतर वाऱ्याने लाँच सुटू दिली नाही. मग एके सकाळी निरोप आला: "मुलगी झाली. उपकेंद्रातल्या सिस्टर घरी आल्या होत्या. आम्ही बऱ्या आहोत. मला थोडा ताप आहे." माईंनी देवापुढे साखर ठेविली. बाईंनी तो निरोप वाचिला आणि त्यातील शेवटले वाक्य पुनःपुन्हा वाचिले, आणि उत्तरी विचारिले की ताप किती, कधीपासून, सिस्टर परत कधी येणार. उत्तर आले नाही. पैलतीरीचा मोबाइलचा मनोरा वाऱ्याने पडला ऐसे वर्तमान नंतर कळले.

सारांश, चित्रे उतरली, अक्षरे बसली, पान हलके जाहले, भाऊसाहेबांचा सूर्यही राहिला. पान किती जणांनी उघडिले हे बाईंस दिसते. पैलतीरी कोणी उघडिले नाही हेही दिसते. येणेप्रमाणे हकीकत आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी होडीने अगर डोंगरवाटेने तिकडे जाणार असेल, तर शाळेमागले हेमांगीचे कौलारू घर, दारी रातांब्याचे झाड, तेथे डोकवावे. तिच्या सासूबाईंस कमी ऐकू येते, म्हणोन कडी न वाजविता खिडकीशी जावे. बाळंतिणीच्या कपाळास हात लावोन पाहावा, आणि काय आढळले ते रेंज मिळेल तेथून कळवावे.