माढ्याच्या बाळूचा रॅम्प

"हॅलो, त्ये रॅम्पवालं हापीस का?"

सिद्धेश्वरीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या संस्थेत ती अठरा वर्षं नोकरीला होती. दिव्यांग माणसाला कचेरीत, शाळेत, बँकेत आपलं आपण जाता यावं म्हणून साहेबलोकांना शिकवायचं, मापं घ्यायची, बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा आणि बहुतेक वेळा नापास करायचं, हे तिचं काम. ती स्वतः लहानपणच्या पोलिओपासून चाकाच्या खुर्चीवर. नापास करण्यात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

"हो, बोला. कोण बोलतंय?"

"मी... बाळू. माढ्याचा."

माढ्याचा बाळू कसला! खोकला आप्पांचा, 'हापीस' म्हणायची तऱ्हा आप्पांची, आणि मागून तिची अव्वा, म्हणजे आई, कानडीत सांगत होती, "ऊटा आतेन केळ्री!" म्हणजे, जेवण झालं का विचारा.

"म्याडम, जेवण झालं का?" बाळूनं विचारलं.

"झालं," सिद्धेश्वरी म्हणाली.

आप्पा म्हणजे तिचे वडील वीरभद्रप्पा. अक्कलकोटच्या पुढच्या गावात त्यांचं घर, तीन फूट उंच जोत्याचं. नऊ वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला चार गड्यांनी सिद्धेश्वरीला खुर्चीसकट उचलून जोत्यावर चढवलं होतं. वर चढवताना एक काका ओरडला, "सांभाळा रं, भिंतीचा रंग निघंल!" तिची काळजी कुणालाच नव्हती. जाताना ती म्हणाली, आता या घरात येईन तर माझ्या चाकांवर येईन. आप्पांना ते लागलं. "लेकीला उचलायला बापाला लाज न्हाय, आन् लेकीला उचलून घ्यायला लाज?" म्हणाले आणि गप्प झाले ते झालेच.

तेव्हापासून भाकरी, शेंगाची चटणी, उन्हाळ्यात कुरडया, सगळं एसटीनं डब्यातून सोलापूरला यायचं. अव्वाही महिन्यातून एकदा यायची. पण डब्यातून चूल येत नाही. सोलापुरात गॅसवर भाकरी भाजताना सिद्धेश्वरीला गावाकडच्या धुराची इतकी आठवण यायची, की ती मुद्दाम एखादी भाकरी करपू द्यायची.

आणि आता बाळू विचारत होता, "जोतं तीन फूट हाय. रॅम्प किती लांब करावा?"

"एका फुटाला बारा फूट. म्हणजे छत्तीस. मधे विसाव्याला सपाट जागा धरून चाळीस फूट."

"चाळीस!" बाळूचा खोकला वाढला.

"अंगण केवढं आहे तुमचं?"

"लई मोठं. हत्ती फिरंल हत्ती."

अंगण वीस फूट होतं. त्या वीस फुटांत सिद्धेश्वरी लहानाची मोठी झाली होती. 'आप्पा, सरळ नका नेऊ, मधून वळवून घ्या, अंगणातच बसतंय,' हे तिच्या अगदी ओठावर आलं. पण मग बाळू उरला नसता, आणि आप्पांनी फोन ठेवून दिला असता. ती एवढंच म्हणाली, "जागा कमी असेल तर वळवताही येतो, बाळूभाऊ."

"कमी कशाला असंल? आमी काय भिकारी हाय?"

"बरं. आता दाराची रुंदी..."

"बाकीचं मागनं," बाळू म्हणाला आणि फोन बंद.

असं चार वेळा झालं. बाळूनं कठड्याची उंची विचारली, फरशी खरबरीत हवी का गुळगुळीत ते विचारलं, आणि दर वेळी जेवण झालं का तेही विचारलं. सिद्धेश्वरी दाराच्या मापावर आली की बाळूला काहीतरी काम निघायचं. समोरच्या टेबलावरची भार्गवी म्हणाली, "मॅडम, हा माढ्याचा माणूस तुम्हाला फारच छळतो हो. मी बोलू का त्याच्याशी?"

"खबरदार!" सिद्धेश्वरी म्हणाली.

इकडं गावात काय चाललं होतं, ते अव्वाच्या रात्रीच्या फोनवरून कळायचं. सरळ चाळीस फूट म्हटल्यावर रॅम्प अंगण ओलांडून शेजारच्या गुरुबसप्पाच्या भिंतीला धडकला. या भिंतीवरून दोन्ही घरं अकरा वर्षं बोलत नव्हती.

"मग गं?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"मग काय! तुज्या आप्पानं टोपी चढवली आन् गेले की त्याच्या दारात. म्हनले, गुरुबसप्पा, माज्या लेकीला घरी यायचंय. तुजी भिंत आडवी हाय."

"भांडण झालं?"

"न्हाय गं. त्यो उठून भिंतीपाशी गेला. मग म्हनला, भिंत मी घातलीया, मीच पाडणार, तू हात लावायचा न्हाय."

अव्वाला वाटलं फोन कट झाला. पलीकडं सिद्धेश्वरी रडत होती.

भिंत पडली. रॅम्प गुरुबसप्पाच्या गोठ्यापासून सुरू झाला. पहिल्या दिवसापासून त्याच्या म्हशीला तो पसंत पडला. ऊन कललं की ती येऊन विसाव्याच्या जागेवर बसायची आणि उठायची नाही. मग आप्पांनी कठडा लावला, तर गल्लीतल्या बायकांनी त्यावर गोधड्या वाळत घातल्या. आप्पा दिवसभर काठी घेऊन रॅम्पची राखण करायला लागले. आणि एका सोमवारी बाळूचा फोन आला.

"म्याडम, काम झालं. तपासायला याल का? त्ये फारम भरायला?"

पुढच्या रविवारी सिद्धेश्वरी संस्थेच्या गाडीनं निघाली. अजिनाथ ड्रायव्हरनं वहीत 'पाहणी, माढा' वाचलं आणि गाडी अक्कलकोट रस्त्याला लागलेली बघून तो चक्रावला. "मॅडम, माढा त्या अंगाला राहिलं की."

"बाळू हिकडं राहायला आलाय. तुम्ही चला."

गोठ्याशी गाडी थांबली. सगळी गल्ली जमली होती. आप्पा धुतलेल्या धोतरात, हातात मापाची टेप घेऊन उभे. ते म्हातारे दिसत होते. अव्वा महिन्याला भेटायची, पण आप्पा इतके वाकलेत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"बाळू कुठाय?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"माढ्याला गेलाय," आप्पा म्हणाले. "मापं मी दावतो."

तिनं मापं घेतली. उतार बरोबर. कठडा बरोबर. फरशी खरबरीत. अठरा वर्षांत एवढा नेमका रॅम्प तिनं कुठल्या कलेक्टरकडं पाहिला नव्हता. मग फॉर्म मांडीवर ठेवून तिनं चाकांना हात घातला. गुरुबसप्पानं म्हशीला बाजूला ओढलं. चाळीस फूट, एकेक हात. विसाव्याला ती थांबली नाही. वर दारात अव्वा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि रडत होती.

सिद्धेश्वरी दारापर्यंत आली आणि खटकन थांबली.

दार चोवीस इंच, खुर्ची सव्वीस.

"आँ?" आप्पा म्हणाले.

गल्लीला तोंड फुटलं. कुणी म्हणालं तेल लावा, कुणी म्हणालं चाकं काढा, कुणी म्हणालं तिरकी घाला. खुर्ची तिरकी घातली, ती तिरकीच अडकली. आत चुलीचा धूर दिसत होता, वासही येत होता. नऊ वर्षं वाट पाहिलेलं स्वयंपाकघर पंधरा पावलांवर होतं.

सिद्धेश्वरीनं डोळे मिटले. जे कधी म्हणणार नव्हती ते म्हणाली, "आप्पा, राहू द्या. उचला मला."

आप्पांनी हात पुढं केले. मग त्यांनी ते मागं घेतले.

"न्हाय," ते म्हणाले. "तू म्हनलीयास ना, चाकावर येईन. चाकावरच यायचं. गुरुबसप्पा, पहार आण!"

"अहो, सासऱ्यांनी बसवलेली चौकट हाय ती!" अव्वा ओरडली.

"बानं बसवली तवा त्याला नात न्हवती."

खुर्ची मागं ओढून मोकळी केली. गुरुबसप्पानं पहार आणली, पण हातात दिली नाही. "भिंत मी पाडलीया, चौकट तू पाड, आसं न्हाय. दोघं मिळून पाडू," म्हणाला. दोन म्हाताऱ्यांनी मिळून अर्धा तास ठोकाठोकी केली. अव्वा आतून ओरडत होती, "आटपा की! भाकरी निवायलीया!" शेवटी कडीकोयंड्यासकट सगळी चौकट अंगणात पडली आणि म्हैस पळाली.

अव्वानं धुळीतच भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं. "बा मगळे," म्हणाली. ये लेकी. सिद्धेश्वरी आपल्या चाकांवर आत गेली, थेट चुलीपाशी. धूर नाकातोंडात गेला आणि ती खोकत, रडत, हसत बसली. तिथंच तिनं पितळीत भाकरी कुस्करून खाल्ली.

जेवण झाल्यावर तिनं फॉर्म काढला. एका बाजूनं आप्पा वाकून बघत होते. दुसऱ्या बाजूला गुरुबसप्पा दाराच्या भगदाडात काठी घेऊन बसला होता, कारण आता घराला दारच नव्हतं आणि उद्या सुतार येईपर्यंत राखणीला कुणीतरी हवं होतं.

'प्रवेशद्वाराची रुंदी,' असा प्रश्न होता. पुढं तिनं लिहिलं, 'दार नाही.'

"म्याडम," आप्पांनी हळूच विचारलं, "बाळू पास का नापास?"

"नापास," सिद्धेश्वरी म्हणाली. "दार बसेपर्यंत दर रविवारी पाहणीला यावं लागणार."

आप्पांनी टेप गुंडाळून ठेवली. मग बाहेर वळून ओरडले, "गुरुबसप्पा, त्या सुताराला उद्या बोलावलंय न्हवं? येऊ नगो म्हणून सांग!"