किटली नसलेली खोली

आमच्या शेजारचे वामनकाका फोनवर बोलू लागले की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक गाडी लागली समजून पिशवी उचलतं. काकांचा उभा जन्म जव्हारच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेला. आता ते निवृत्त झालेत, पण गळ्यातला भोंगा काही निवृत्त झालेला नाही.

यंदा तो भोंगा नाशिकच्या हॉटेलांवर सुटला होता. काकांना दोन दिवस तिथे राहायचं होतं. हॉटेल झकपक हवं आणि पेन्शनीत बसणारंही हवं. दिवाळीपासून शोध चालला होता. रोज संध्याकाळी ते आमच्या पडवीत यायचे, मी मोबाइलवर फोटो दाखवायचो, ते फोन लावायचे आणि शेवटी निकाल एकच: "गाडी रद्द!"

एका ठिकाणच्या पांढऱ्याशुभ्र चादरी पाहून खूश झाले.

"सकाळचा चहा खोलीत आणून देता ना? काय? खाली यावं लागतं? रद्द!"

दुसरं तर फारच देखणं निघालं. झुंबर, बाल्कनी, वर भाडंही बेताचं. मी म्हटलं, "काका, लागली बघा गाडी फलाटाला." त्यांनी फोटो मोठा केला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"चहाची किटली. हवा तेव्हा आपला आपण करून घ्यायचा."

"पैसे भरून वर चहाही आपणच करायचा? रद्द!"

तिसऱ्या खोलीत चक्क छोटं स्वयंपाकघर होतं. काकांनी तिथल्या मॅनेजरला खडसावलं, "पोळपाट-लाटणंही ठेवलंय का रे?"

मी वैतागलो. "काका, घरी स्वतःची भांडी स्वतः घासता. तिथे दोन दिवस एवढी मिजास कशाला?"

काकांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझ्यासाठी नाही रे. वैशूला न्यायचीय."

वैशू त्यांची एकुलती मुलगी, कल्याणला दिलेली. नोकरी, सासू-सासरे, दोन पोरं. काकू गेल्या तरी ती माहेरी येते.

"पिशवी टेकवते आणि ओटा पुसायला घेते," काका म्हणाले. "डबे घासते, चटण्या कुटून ठेवते, नागली दळून आणते. मी नको म्हटलं की 'बाबा, तुम्ही बसा.' हिची आई होती तेव्हा पोरगी आली की उठवायची नाही तिला. चहासुद्धा अंथरुणात. मला तो चहा धड जमत नाही, आणि ओटा दिसला की ही बसत नाही. म्हटलं, ओटाच नसेल तिथे न्यावी."

त्या झुंबरवाल्या हॉटेलला मीच फोन लावला आणि चहा खोलीत द्या, किटली मात्र काढून ठेवा, असं सांगितलं. पलीकडच्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पोरांना जावयाकडे ठेवून बापलेक नाशिकला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला आणि मी घाबरलोच. ज्यांची घोषणा पार बाजारात ऐकू जायची, ते काका कुजबुजत होते.

"काय झालं काका? जोरात बोला ना!"

"नाही बोलत. बाहेर जिन्यात उभा आहे. चहावाला आला होता, त्यालाही परत पाठवला."

"का?"

"ऊन पार पलंगावर आलंय," काका म्हणाले, "आणि वैशू अजून झोपलीय रे."