मोटारीची स्मृती पुसिल्याचे वर्तमान

श्री घाटाई प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी एका राज्यी मोटारींच्या परीक्षेवरून जे जाहले, ते ज्यांनी डोळा देखिले त्यांच्या मुखे ऐकोन, पदरचे न घालिता लिहिले असे.

राज्याचा दंडक ऐसा की, भाड्याच्या प्रत्येक मोटारीने दर वर्षी चौकीवर येऊन परीक्षा द्यावी. पूर्वी परीक्षक हाताने चाके हलवीत आणि ब्रेक दाबून पाहात. मग हुजुरांनी नवे यंत्र धाडिले, ते स्टिअरिंगखाली खोचले म्हणजे मोटारीतील संगणक आपले दोष आपण सांगे, आणि आज्ञा जाहली की, यंत्र दोष सांगेल ती नापास, न सांगेल ती पास, परीक्षकाने मध्ये आपली अक्कल चालवू नये. त्या चौकीवर विसाजीराव ठोंबरे बावीस वर्षे परीक्षक होते. वद्य पंचमीस दौलत गुरव आपली प्रवासी जीप घेऊन आला. विसाजीरावांची बायको बाळंतपणात अडली असता याच दौलतने भर पावसात घाट उतरून तिला इस्पितळी पोहोचविली होती, म्हणोन त्या दौलतवर त्यांचा फार लोभ. मग यंत्र खोचले, तो दोष एकही नाही. परंतु खाली ओळ उमटली की, स्मृती पुसल्यानंतरची चाल दोन किलोमीटर, म्हणजे संगणकाने ध्यानी ठेविलेले दोष पुसून मोटार अवघी दोन किलोमीटर चालली होती.

विसाजीराव काय ते समजले आणि हळूच बोलिले, “दौलत, दोषाचा कोणता दिवा लागत होता?”

“ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे यंत्र असते, त्याचा, रावसाहेब. वेशीवरच्या गॅरेजात घालविला. तशी गाडी थांबते बरोबर.”

“दिवा घालविलास, दोष आतच आहे. आधी दुरुस्त करून आण.”

“त्याचा भाग यायला आठ दिवस. उद्या वऱ्हाड न्यायचे आहे, शब्द दिला आहे. यंत्र पास म्हणते ना? मग तुम्ही का अडविता?”

मागे मोटारींची रांग ओरडू लागली, आणि विसाजीरावांनी सही केली.

दुसरे दिवशी दुपारी घाटाच्या तिसऱ्या वळणी रस्त्यावर खडी पसरली होती, तेथे दौलतने ब्रेक दाबिला, तो चाके जाम जाहली आणि जीप न वळता सरळ दरीत गेली. वऱ्हाडातील चौघे आणि दौलत जागी ठार जाहले. मग हुजुरांचे चौकशीदार आले, त्यांनी कागद पाहिला, मोटार निर्दोष ठरविली आणि सारा बोल खडीवर ठेविला. विसाजीरावांस अन्न गोड लागेना. तो दौलतची बायको तान्हूबाई चौकीवर आली आणि हात जोडून म्हणाली, “लोक म्हणत होते, ह्यांनीच माणसे मारिली. तुमच्या कागदाने आमची मान वर राहिली, रावसाहेब.” ती गेली आणि घटकाभरात दुसरी जीप आली, तिची स्मृती पुसल्यानंतरची चाल एक किलोमीटर. विसाजीरावांनी चालकाकडे पाहिले, तेव्हा तो हसोन म्हणाला, “दौलतदादाची पास झाली, मग माझी का नाही?”

त्या सांजेस विसाजीराव गुरवाच्या घरी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहोन सर्व खरे सांगितले, आणि उद्या हुजुरांस लिहून धाडितो म्हणाले. तान्हूबाई म्हणाली, “माझ्या पोरांनी आता गावात कोणाच्या तोंडाकडे बघायचे?” तिने दार लावून घेतले. सकाळी त्यांनी आपल्या हाताने लिहिले की, मोटारीची स्मृती पुसली हे मजला ठाऊक होते, ठाऊक असोन सही केली. आणि लखोटा धाडिला.

एवंच, माणसे पाच गेली. हुजुरांनी दंडक फिरविला की, स्मृती नुकती पुसलेली मोटार परत लावावी, आणि पहिल्याच महिन्यात एकोणीस परत गेल्या. विसाजीराव चाकरीतून दूर जाहले. तान्हूबाई मुले घेऊन माहेरी गेली, ती पुन्हा त्या गावी आली नाही.