काकांची गल्ली

गल्लीच्या तोंडाशी पाऊल पडताच काकूंनी तो आवाज ऐकला. टक्. टक्-टक्. कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीतून तो निघाला, शेजारच्या भिंतीत शिरला आणि एकेक घर मागे टाकीत उताराच्या टोकाशी विरून गेला. त्यामागोमाग कुठेतरी गात असलेला रेडिओ ओळ अर्धी सोडून गप्प झाला.

"हे कसलं हो?"

"पाइप गं! जुनी घरं आहेत," काका खुशीत म्हणाले. "मी तरुणपणी यायचो ना, तेव्हाही असेच वाजायचे. मी आलो की हमखास!"

लग्नापूर्वी काका मिशनरी होते. याच गावात दोन वर्षे त्यांनी दारोदार जाऊन धर्माच्या चार गोष्टी सांगितल्या होत्या. पुढे संसार आला, विम्याच्या कचेरीतील नोकरी आली. पण या गल्लीच्या कथा काही संपल्या नाहीत. "तिथं माझ्यासाठी कुणाचं दार कधी बंद नसायचं," हे वाक्य काकूंनी जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकले होते, की त्यावाचून घास उतरेनासा झाला असता. नवऱ्याच्या गोष्टी बायकोने ऐकायच्या असतात. खऱ्या मानल्याच पाहिजेत असा काही दंडक नाही.

मात्र निवृत्तीनंतर काका एकदा सहज कचेरीत गेले, आणि दारावरच्या माणसाने त्यांना विचारले, "कोण आपण? कुणाला भेटायचंय?" त्या दिवसापासून त्यांचे जेवण तुटले, बोलणे तुटले. खिडकीशी बसून ते म्हणू लागले, "आता मला कोण ओळखतंय?" घरात असले रडगाणे काकूंनी कधी चालू दिले नव्हते. त्यांनी सहलीची तिकिटे काढली आणि मगच नवऱ्याला सांगितले. किल्ला झाला, तळे झाले. पण काकूंच्या मनात एकच गोष्ट होती. या गल्लीतल्या एका तरी माणसाने "अरे, तुम्ही!" म्हणावे, एवढेच.

त्यासाठीच तर काकांनी तो जुना काळा कोट अंगात चढवला होता. त्याची बटणे आता पोटावर लागत नव्हती.

पहिले घर शिंपिणीचे. काकांनी दार वाजवले. आत कोणी हलले नाही. काकूंनी खिडकीतून डोकावले. शिलाई मशीनचे चाक अजून फिरत होते. कापड सुईखाली अडकलेले होते. खुर्ची मात्र रिकामी होती.

दुसऱ्या घरात टेबलावर सुपाची वाटी वाफाळत होती आणि तिच्यात चमचा किंचित डुलत होता. खाणारे कोणी नव्हते. तिसऱ्या घराच्या अंगणात झोपाळा आपला आपण हलत होता. भर दुपार होती, आणि अख्ख्या गल्लीत चिटपाखरू नव्हते. पायरीवर एक कुत्रा तेवढा पडला होता. त्याने डोके उचलून काकांकडे नीट पाहिले, उठला आणि मुकाट्याने घरात गेला. त्याच्यामागे दार हळूच लागले. लावणारा हात कुठे दिसला नाही.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, परत फिरू या."

"थांब गं. शिंपिणीसमोरचा घड्याळजी असेल, तो तर माझा खास." काकांनी दार वाजवले. मग जोराने वाजवले. मग हाक मारली. आतून असंख्य घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, पण माणसाचा श्वाससुद्धा नव्हता. काका वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, मला एक चिमटा काढ."

"हे काय भलतंच?"

"मी दार वाजवतोय, हाका मारतोय, कुणाला काहीच ऐकू जात नाही. कचेरीतही तसंच झालं होतं." "मी... आहे ना गं?"

काकूंनी दंडाला असा चिमटा काढला, की काका "आई गं!" म्हणून उडाले.

"आहात," काकू म्हणाल्या.

काका शिंपिणीच्या पायरीवर मटकन बसले. त्यांना तिथेच ठेवून काकू घराच्या मागच्या बाजूला गेल्या. मागचे दार लोटलेले होते. स्वयंपाकघरात पडदे ओढल्यामुळे अंधार होता. "कुणी आहे का घरात?" म्हणत त्यांनी दोन पावले टाकली, तोच टेबलाखालून एक सुरकुतलेला, थंडगार हात आला आणि त्याने त्यांचे मनगट धरून त्यांना खाली खेचले.

टेबलाखाली अंधारात डोळ्यांच्या चार-पाच जोड्या लुकलुकत होत्या, त्यांतल्या दोन-तीन तर लहान मुलांच्या.

"शू!" हाताची मालकीण म्हणाली. "बाहेर तो आलाय!"

"को... कोण?"

"काळा कोट! पोरी, तुला कुठं गाठलं त्यानं?"

"मी त्यांची बायको आहे," काकू म्हणाल्या.

टेबलाखाली शोककळा पसरली. म्हाताऱ्या शिंपिणीने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "किती वर्षं झाली?"

"तीस होतील."

"ए, तिला उशी द्या रे कुणीतरी."

मग कुजबुजत सारा उलगडा झाला. "माणूस वाईट नव्हता हो," शिंपीण म्हणाली, "पण एकदा बसला की उठायचा नाही! आणि बोलायचा इतका गोड, की नको म्हणायला जीभ रेटायची नाही. मग आम्ही ठरवलं, कोपऱ्यावरच्या मोच्यानं त्याला बघितलं की पाइपावर हातोडी मारायची, आणि सगळ्यांनी लपायचं. तो मोची गेला. आता त्याचा मुलगा बसतो. बापानं जाताना त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: टाका घट्ट घाल, आणि काळ्या कोटावर नजर ठेव."

"आणि ही मुलं? यांनी तर ह्यांना पाहिलेलंही नाही."

"गल्लीत राहायचं तर सगळ्यांना शिकवावं लागतं, बाई!"

हसावे की चिडावे? क्षणभर काकूंना कळेना. कचेरीने त्यांच्या नवऱ्याला वर्षभरात पुसून टाकले होते, आणि इथे त्याच्या नावाने तीन पिढ्या टेबलाखाली जात होत्या! त्या ताठ बसल्या. टेबल डोक्याला लागले, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

"दार उघडा," त्यांनी फर्मावले.

"नको गं! बसेल तो!"

"बसू दे. तो माणूस बाहेर स्वतःला भूत समजायला लागलाय. मी सांगेन तेव्हा उठेल, ही माझी जबाबदारी. उघडता, की मीच उघडू?"

हा शब्द मोडण्याची छाती त्या घरात कोणाची नव्हती. शिंपिणीने दार उघडले, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "अरे, तुम्ही!"

काकांचे डोळे भरून आले. ते आत आले, खुर्चीवर बसले, आणि गल्लीने मान खाली घातली. पण आक्रीत असे, की काकांच्या तोंडून शब्द फुटेना. ती जुनी प्रवचने ते केव्हाच विसरले होते. तेव्हा दारातून डोकावणारा घड्याळजी खाकरला.

"तुम्ही मला म्हणाला होतात, घड्याळ आहे म्हणजे घडवणारा असणारच, तसंच जगाचं. मी नुसती मान हलवली होती. तुम्ही गेल्यावर मला उत्तर सुचलं. घडवणारा मी कधी पाहिला नाही हो. बिघडलं की घड्याळ येतं माझ्याकडे. तर हे जग दुरुस्तीला कुणाच्या दुकानात द्यायचं, ते बोला!"

"आणि मला म्हणाला होतात, शेजाऱ्यावर प्रेम करा," शिंपीण सरसावली. "माझा शेजारी हा घड्याळजी! एक महिना माझ्या घरात राहून दाखवा, मग सांगा!"

बघता बघता दारे उघडली. तीस वर्षे मनात साठलेली उत्तरे घेऊन माणसे येऊ लागली. खोलीत मुंगी शिरायला जागा उरली नाही. काका डावीकडे वळत, उजवीकडे वळत, "हो का? असं कसं?" म्हणत राहिले. काकूंनी तीनदा "उठा" म्हटले. काका उठायचे, आणि कोणीतरी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवायचे. शेवटी दिवे लागल्यावर काकूंनी त्यांना दंडाला धरून अक्षरशः ओढून नेले.

सकाळी लॉजच्या मालकीणबाई धापा टाकत जिना चढून आल्या. "खाली माणसं जमलीयत. म्हणतात, कालचं अर्धंच राहिलं. एकानं तर डबा बांधून आणलाय."

काकूंनी गाडीची वेळ आठवली, अंथरूण-पांघरुणासकट नवऱ्याला कपाटामागे कोंबले आणि दाराच्या फटीतून म्हणाल्या, "सांगा, ते पहाटेच गेले. अगदी नक्की गेले."

जिन्यावर पावले वाजली. दाराबाहेर कुजबुज झाली. "गेले म्हणतात," घड्याळजीचा निराश आवाज आला. "आता कसले भेटतात!" पावले परत वळू लागली.

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात कपाटामागून काका खोकले. एकदा खोकले, मग, कोणाला ऐकू गेले नसेल तर, पुन्हा एकदा, चांगले खणखणीत.