रांग-संरक्षण उपसमिती

रांग ही माणसाने शोधलेली सर्वांत पवित्र व्यवस्था आहे, आणि तिचं पावित्र्य पुढे पोचलेल्या माणसाला जितकं कळतं तितकं मागे उभ्या असलेल्याला कळत नाही. टेक्ससमधल्या शुगर लँड गावच्या मराठी मंडळात सगळेच पोचलेले असल्यामुळे तिथे रांगेबद्दल फार आदर आहे. (जेवण वाढण्याची वेळ अपवाद.)

इमिग्रेशनचे नियम पुन्हा कडक झाले, तेव्हा मंडळाने तातडीने रांग-संरक्षण उपसमिती नेमली. अध्यक्ष त्र्यंबकराव, निवृत्त इंजिनियर. समितीपुढे पहिलंच प्रकरण आलं ते दीपाचं.

दीपा नात्यातल्या कुणाच्या बाळंतपणाला म्हणून आली, व्हिसा संपला, आणि राहून गेली. त्याला बारा-चौदा वर्षं झाली. मंडळाचे उकडीचे मोदक तीच करते, घरोघरच्या म्हाताऱ्यांना तीच सांभाळते. त्र्यंबकरावांच्या आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. (एका पाहणीनुसार ऐंशी टक्के सभासदांनी तिच्या हातचं खाल्लं आहे. उरलेले वीस टक्के डाएटवर आहेत.) आता तिला देश सोडण्याची नोटीस आली होती. न्यायाधीशांना पटलं तर कायमचं राहता येणार होतं. न पटलं तर इथेच जन्मलेल्या अनुष्काला, तिच्या मुलीला, शाळा सोडायची की आई, हे ठरवावं लागणार होतं. वकिलाने ओळखीच्या नागरिकांची पत्रं मागितली होती: बाई चांगल्या आहेत, एवढंच.

बैठक त्र्यंबकरावांच्या घरी भरली. खाण्याची व्यवस्था दीपाकडे द्यावी का, यावर निःपक्षपातीपणाचा प्रश्न उपस्थित झाला. म्हणून बटाटेवडे तिच्याकडून आदल्या दिवशीच करून घेण्यात आले.

डॉक्टर कुमार म्हणाले की दीपा म्हणजे सोनं आहे, पण कशावरही सही करू नका असं त्यांच्या वकिलाने बजावलंय. रामभाऊंना अनुष्काबद्दल फार वाईट वाटत होतं. ते तसं दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्याची इतिवृत्तात नोंद झाली.

त्र्यंबकरावांनी समारोप केला. "आपण सगळे लीगली आलो. लाइनमध्ये उभे राहिलो. शेवटी प्रिन्सिपल आहे."

त्यांची बायको रेखा तेवढ्यात वडे गरम करून घेऊन आली. रेखाची स्मरणशक्ती चांगली आहे. हा एक दोष सोडला तर बाई संसाराला उत्तम. तिला सत्त्याऐंशी साल आठवलं. तेव्हा त्र्यंबकचा स्टुडंट व्हिसा संपलेला होता आणि तो एका मोटेलच्या काउंटरवर बसत होता. सरकारने कागद नसलेल्या शेतमजुरांना कायमचं राहू द्यायचं ठरवलं, आणि एका भल्या बागवाल्याने, ज्याच्या बागेत त्र्यंबकने पाऊलही टाकलं नव्हतं, 'हा माझ्याकडे पिकॅन काढायला होता' असं लिहून दिलं. मुलाखतीला रेखा शेजारच्याच खुर्चीत होती. टेक्ससच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, पिकॅन काढतात कसे? त्र्यंबकने भुईमूग डोळ्यांसमोर आणला आणि सांगितलं, उपटून. अधिकारी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर पिकॅनचं, म्हणजे अक्रोडाच्या तिकडच्या भावंडाचं, चांगलं दुमजली झाड होतं. मग "शिकशील हळूहळू" म्हणाला, आणि शिक्का मारला.

रेखाने वडे टेबलावर ठेवले. "अहो, पिकॅन उपटतात की झाडावरून पाडतात?"

त्र्यंबकरावांनी अजेंड्याचा कागद पुढे ओढला.

"हा विषय अजेंड्यावर नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"मी दीपासाठी पत्र लिहितेय. तुमचंही लिहू?"

"रेखा, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो ना. तेव्हा आपण होतो."

यानंतर उपसमितीने एकमताने ठराव केला. (रेखा सभासद आहे, उपसमितीवर नाही.) दीपाताईंना उत्तम वर्तणुकीचं पत्र द्यायला मंडळाला आनंदच वाटेल, मात्र तत्पूर्वी त्यांनी आपला इथला रहिवास कायदेशीर करून घ्यावा. डॉक्टर कुमारांनी अनुमोदन दिलं, पण तोंडात वडा असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.

रेखाने आपलं पत्र वकिलाला नेऊन दिलं. एकाने भागणार नाही, निदान चार-पाच हवीत, असं तो म्हणाला. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा हे वाचताना ज्यांना त्र्यंबकरावांचा राग आला, त्यांची नावं तिने धरून ठेवली आहेत. सही ईमेलनेही चालते. फक्त सहीच्या वर दोन ओळी स्वतःबद्दल लिहायच्या आहेत: आपण आज जिथे आहोत तिथे नेमके कसे पोचलो. खरं तेवढंच.