मेश्रामकाका आणि तक्रार नसलेली माणसं

मी मेश्रामकाकांच्या मुलीला यंत्र ठरवलं. समोरासमोर नाही, तिला मी तोवर पाहिलंही नव्हतं. तिचा मेसेज वाचून ठरवलं, आणि तो कोणाचा आहे हे न विचारता.

असल्या निवाड्यासाठी कोणी माझ्याकडे का यावं, हे कळायला आधी काका कळायला हवेत. सदाशिव पेठेत आमच्या मजल्यावर दोनच दारं. एकामागे मी आणि बायको, दुसऱ्यामागे एकटे काका. ऐन तरुणपणी विदर्भातून पुण्यात आले, वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. जन्मभर लोकांची बोलणी खाल्लेल्या माणसाला म्हातारपणी शांतता प्यारी असेल असं आपल्याला वाटतं. काकांना शांततेचाच संशय येतो.

"ज्यात तक्रार नाही, ते माणसानं लिहिलेलं नाही," हा त्यांचा सिद्धान्त. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाटणकर रोज सकाळी सूर्य, फुलं आणि सुविचार पाठवतात. काका म्हणाले, "काल टाकीत पाणी नव्हतं. तरी हा गृहस्थ प्रसन्न. हे यंत्र आहे."

"काका, पाटणकर दुसऱ्या मजल्यावर राहतात."

"राहत असतील. लिहीत नाहीत ते."

फोनवर कोणी कर्ज द्यायला आलं की काका आधी जेवणाची चौकशी करतात. "जेवलात का? डबा होता? भाजी कशी होती?" पलीकडची मुलगी बिचारी म्हणते, "छान होती, सर." काका फोन ठेवतात. "डब्यातली गार भाजी छान? यंत्र."

माझा धंदा सोशल मीडियाचा. एका चिवड्याच्या ब्रँडचं पेज मी चालवतो. चालवतो म्हणजे, पूर्वी चालवायचो. हल्ली मजकूर एआय लिहितं, प्रतिक्रियांना उत्तरंही तेच देतं, आणि मी वर हात जोडल्याचं चित्र लावून पगार घेतो. हे काकांना कळल्यापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. "काय हो मार्केटिंग," म्हणतात.

"चिवडा नव्हे, हा तर आठवणींचा डबा" अशी एक पोस्ट आम्ही टाकली होती. काकांनी खाली लिहिलं, "आठवणी नकोत. शेंगदाणे कमी का केले ते सांगा." आमच्या यंत्रानं तत्परतेनं उत्तर दिलं, "आपल्या प्रेमळ प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार."

पाचेक मिनिटांत माझी बेल वाजली.

"मी प्रेमळ काय बोललो?" दारात काका, हातात मोबाईल.

"काका, ते आपोआप जातं."

"शिवी दिली असती तरी आभारच मानले असते?"

मी त्यांना चहा विचारला. कारण ते आमच्याकडे आधीच घडून गेलं होतं.

मग त्यांनी ग्राहकांचे अभिप्राय वाचायला घेतले. "या सगळ्या बायकांना चिवडा आवडला. एकीलाही तिखट लागला नाही, एकीच्याही दातात डाळं अडकलं नाही. पुण्यात राहतात म्हणे. मार्केटिंग, ही माणसं कुठली?"

ती माणसं माझ्याच लॅपटॉपमधली होती. पण तेव्हापासून काकांना मी या विषयातला जाणकार वाटू लागलो. चोर ओळखायला चोरच लागतो, अशा नजरेनं ते बघायचे. संशयास्पद मजकूर आणायचे आणि मी निकाल द्यायचो. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. इतकी, की बायकोचे मेसेजही मी तपासू लागलो. "कोथिंबीर आणा. मागची सडकी होती. तुम्ही बघून घेत नाही." यात दोन तक्रारी होत्या. निर्धास्त झालो.

अशातच एका संध्याकाळी काका आले. वरचं नाव अंगठ्यानं झाकून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मी वाचलं: "आपण कुशल असाल अशी आशा आहे. इकडे सर्व उत्तम आहे. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी. काही अडचण असल्यास अवश्य कळवावे. आम्ही सदैव आपल्यासोबत आहोत."

"शंभर टक्के यंत्र," मी म्हणालो. "काका, असं आम्ही चिवड्यालासुद्धा लिहीत नाही."

त्यांनी अंगठा काढला. "वैशालीचा आहे. माझी मुलगी. वाघोलीला असते."

"अहो, मग तसं नसेल. कदाचित…"

"शंभर टक्के म्हणालात." ते घरी गेले आणि त्यांनी दार अगदी हळू लावलं.

त्या आठवड्यात चिवड्याच्या पेजवर काकांची एकही प्रतिक्रिया आली नाही. साहेब खूश झाले. मला मात्र जेवण जाईना. दोनदा समोरची बेल वाजवली. दोन्ही वेळा काका दाराच्या फटीतून म्हणाले, "मी ठीक आहे." तक्रार काहीच नाही.

रविवारी आमची बेल वाजली. दारात पस्तिशीतली एक बाई, घामाघूम.

"मार्केटिंग तुम्हीच का?"

"हो… म्हणजे…"

"मी वैशाली. बाबांना काय सांगितलंत तुम्ही? मेसेज केला तर उत्तर आलं, 'तुम्ही कोण? समोरचे मार्केटिंग म्हणतात, तुम्ही यंत्र आहात. माझ्या मुलीला फोन द्या.' म्हणून फोन केला. त्यांनी विचारलं भाजी कशी होती. मी म्हटलं छान. त्यांनी फोन ठेवला. परत उचललाच नाही. वाघोलीचं ट्रॅफिक माहीत आहे ना तुम्हाला?"

"पण तो मेसेज… तुम्ही एआयकडून…"

"मी लिहिला. माझ्या बोटांनी." ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "एका गाद्यांच्या कंपनीच्या पेजवर तक्रारींना उत्तरं देते मी. लग्नाआधीपासून. दिवसभर 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' घरी आलं तरी बोटं तेच लिहितात. गेल्या वर्षी कंपनीनं माझी सगळी उत्तरं एआयला शिकवली. ते यंत्र माझ्यासारखं लिहितं, कळलं? मी त्याच्यासारखं नाही लिहीत. आणि आता ते आहे म्हणून मला पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले."

मी हळूच विचारलं, "काकांना माहीत आहे हे?"

"आत्ता झालं," काका म्हणाले.

ते बुद्धविहारातून परतले होते. पांढरा सदरा, पायऱ्या चढून लागलेली धाप. ते किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे. त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली, कुलूप उघडलं आणि म्हणाले, "आत ये. मटार सोलायचेत."

मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी मी गेलो. काकू गेल्यापासून त्या घरात भांडं पडलं तरच आवाज व्हायचा. आज वैशाली बोलत होती. कंपनी हरामखोर, टँकरचं पाणी खारट, नवरा ओला टॉवेल पलंगावर टाकतो, सासूबाई फोनवर खोकून दाखवतात. आणि बाबा, तुम्हीही एकदा विचारलं नाहीत, नुसती भाजी काय विचारता. बोलता बोलता तिचा आवाज फाटला. काका मटार सोलायचे थांबले होते. शेंग तशीच हातात धरून, किंचित पुढे वाकून ऐकत होते. खिडकीवर ते असेच बसत असतील.

मला राहवलं नाही. आपल्यामुळे एवढं झालं, तर आपणच काहीतरी धीराचं बोलावं असं वाटलं. घसा साफ करून मी म्हणालो, "हे बघा वैशालीताई, प्रत्येक शेवटात एक नवी सुरुवात दडलेली असते. या संधीचं सोनं करा."

वैशाली थांबली. काकांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मार्केटिंग, तुमची जाहिरात झाली असेल तर घरी जा. तिचं अजून अर्धंही बोलून झालेलं नाही."