गोंगाट काढलेला पाठ

शाळेने सामाजिक शास्त्रांचं ऑनलाइन दालन उघडायचं ठरवलं आणि नागरिकशास्त्राच्या सरांची झोप उडाली. दालनाला एक प्रमुख नेमायचा होता. बावीस वर्षांत सरांना कुणी कशाचंच प्रमुख केलं नव्हतं. त्यात भूगोलाच्या बाईंनी ज्वालामुखीचा व्हिडिओ टाकून आघाडी घेतलेली. ‘घटक’ हा शब्द आणल्याशिवाय ज्याचं एक वाक्य पुरं होत नाही, आणि म्हणून मुलं ज्याला घटक सर म्हणतात, त्याने लाव्हाशी टक्कर द्यायची म्हणजे अतीच होतं, हे सरांनाही कळत होतं. तरी त्यांनी कंबर कसली.

पाठ निवडला ‘कुटुंबातील श्रमविभागणी’. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची चळत, तिला टेकवलेला मोबाइल, मागे फळा. शर्टाला लावायचा छोटा बिनतारी माइक तेवढा उसना आणला होता. तो हातात घेऊनच सर स्वयंपाकघरात गेले.

“अर्धा तास आवाज नको हं,” त्यांनी बायकोला बजावलं.

“मी कुठे आवाज करते? ताईशी फोनवर बोलतेय फक्त.”

बजावण्याच्या भरात सरांनी माइक ओट्यावर ठेवला, पाणी प्यायले आणि माइक तिथेच विसरून बाहेर आले. मग त्यांनी जीव तोडून शिकवलं. शेवटी ॲपने विचारलं, ‘मागचा गोंगाट काढायचा का?’ सर म्हणाले, काढ बाबा. ॲपने इमानेइतबारे काम केलं. माइकजवळचा आवाज ठेवला आणि लांबून येणारी कुरकुर, म्हणजे सर, पुसून टाकली. पाठ दालनात टाकण्याआधी एकदा ऐकून बघावा असं सरांना वाटलं नाही. स्वतःचा आवाज बावीस वर्षं ऐकून त्यांनाही कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठ बाराशे जणांनी पाहिला. सर शिक्षकांच्या खोलीत शिरले की सगळ्यांचं हसणं बंद व्हायचं. जळतात लेकाचे, असं सरांनी मनाशी म्हटलं. भूगोलाच्या बाई तर डोळे पुसत जवळ आल्या.

“सर, माझा ज्वालामुखी विझला हो!”

“मेहनत आहे, बाई,” सर विनयाने म्हणाले. “आणि घरच्यांचीही साथ लागते.”

बाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या.

सरांनी पाठाखालची ऑनलाइन चाचणी तपासायला घेतली. श्रमविभागणी म्हणजे काय? पहिलंच उत्तर होतं, ‘ओला टॉवेल पलंगावर टाकणारा एक आणि उचलणारा दुसरा असणे.’ दुसऱ्यानेही तेच लिहिलं होतं. कुटुंबातील कर्त्या पुरुषाची भूमिका सांगा. ‘चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणे.’

सरांनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पाठ लावला. पडद्यावर ते स्वतः ‘समान वाटणी’ या शब्दांवर पट्टी टेकवून ओठ हलवत होते, आणि आवाज येत होता बायकोचा. “अगं ताई, कसली समान वाटणी! काही बोललं की म्हणतात, कुटुंब हा समाजाचा घटक. मग या घटकाने एक कप विसळला तर झिजेल का?”

सरांनी घाईघाईने पाठ बंद केला. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं.

“बाई, आत्ता काढून टाकतो!” सर दारातूनच म्हणाले.

“खबरदार हात लावाल तर! तुमच्या विषयाची उत्तरं मुलांनी आजवर पुस्तकातून उतरवली. या वेळी दीडशे जणांनी स्वतःच्या घराकडे बघून लिहिलीत. दालनाचे प्रमुख तुम्ही. फक्त पुढच्या पाठालाही आवाज हाच पाहिजे.”

आता बायकोला सांगायचं कसं? घरी गेल्या गेल्या सरांनी आधी दोन कप विसळले. त्यातला एक स्वच्छच होता.

“कळलंय मला,” बायको म्हणाली. “दुपारीच तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता. आधी तर रडूच आलं. बहिणीशी बोललेलं बाराशे लोकांनी ऐकायचं म्हणजे काय!”

“चुकलो गं. खरंच चुकलो.” सरांना मनापासून लाज वाटली.

“मग त्या म्हणाल्या, पोरं विचारतायत पुढचा पाठ कधी. शनिवार सांगितलाय मी. विषयही ठरवून टाकलाय.”

“अगं, पण प्रमुख मी आहे!”

“आहातच की. नाही कोण म्हणतंय?”

“मग मी नेमकं करायचं काय?”

“इश्श! प्रमुखाला कुठे काय करायचं असतं?”

सरांनी आजवर पाहिलेले सगळे प्रमुख एकेक करून आठवले. उलट उदाहरण म्हणून सांगता येईल असा एकही त्यांना सापडेना.